कॉलनीत एखादी ताई निपजली तर

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुम्हाला वेळीच ओळखता येतील.

मुलगी सव्वीस-सत्तावीसची. बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. वडील भुसावळला रेल्वेत होते, आता रिटायर. जळगावात स्वतःचं घर, दारात कढीपत्ता, कढीपत्त्याखाली स्कूटी. इथपर्यंत सगळं सुरळीत. मग एके दिवशी संध्याकाळी पाचला ही पोरगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते, गाडीच्या हुकाला पिशवी अडकवते आणि रुळापलीकडच्या वस्तीत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मे महिन्यात पारा ४५ वर असतो, गल्लीतली कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली असतात, तेव्हाही ही जाते.

तुमचा पहिला अंदाज लफड्याचा असेल. आमचाही तोच होता. लफडं निघालं असतं तर बरं झालं असतं, त्याला उपाय असतात, मामा असतात. पण कॉलनीतल्या एका जबाबदार गृहस्थाने दोन दिवस तिच्या मागे जाऊन जी बातमी आणली ती भलतीच होती. पोरगी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून चौदा पोरांना त्रैराशिक शिकवत होती. आता त्रैराशिकाला मामा काय करणार?

तरी घाबरू नका. आम्ही तीन वर्षं हे प्रकरण हाताळतो आहोत.

सुरुवात चौकशीने करा. ती भेटेल तिथे तिला थांबवा. भाजीबाजार चालेल, जिना चालेल, उत्तरकार्याची पंगतही चालेल. 'काय देतात गं तिकडे?' असं प्रेमाने विचारा. एक संस्था तिला मानधन देते. मान आणि धन, दोन्ही द्यायचं नसलं की आपल्याकडे मानधन देतात. आकडा ऐकला की हसू नका, नुसतं 'असू दे, आवड आहे ना' म्हणा. हे वाक्य हसण्यापेक्षा जास्त लागतं.

मग तिच्या आईकडे वळा. 'वहिनी, पोरगी गुणी आहे हो, पण पुण्याचा मुलगा उद्या विचारणारच ना, संध्याकाळी सात ते नऊ ही असते कुठे?' आईने बायोडाटात नोकरीच्या रकान्यात 'समाजकार्य' लिहिलं होतं. आम्ही 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' लिहायला लावलं. दोन स्थळं वाढली. मग मुलीने चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात स्वतःच खरं काय ते सांगितलं. दोन स्थळं कमी झाली.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ती तिकडे नेमकं काय करते, हे जवळून बघायला जाऊ नका. 'गरिबांच्या मुलांना शिकवते' एवढं लांबून म्हणायला पुरतं. जवळ गेलात तर शिकवणं थोडं आणि कागदच फार, असा प्रकार निघतो. आणि या कागदांची ओळख झाली की झोप जाते. माझी दोन रात्री गेली होती, म्हणून सांगतो.

उदाहरणार्थ, नर्सिंगला जायचं म्हणणारी एक पोरगी. फी झेपायची तर सवलत हवी, सवलतीला जातीचा दाखला हवा आणि दाखल्याला पुरावा हवा, की हिचं घराणं सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात राहतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. ही पोरगी भटक्यांमधली. म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी हिचा आजा कुठे राहत होता, त्याचा कागद आणा. ज्यांना सरकारदरबारीच भटके म्हणतात, त्यांनी ठावठिकाण्याचा पुरावा द्यायचा! आणि लोक म्हणतात सरकारला विनोद कळत नाही. आज्याचा सख्खा भाऊ म्हणे लहानपणी वर्षभर कुठल्याशा शाळेत बसला होता. ताईने ते खेडं शोधलं, चार खेपा घातल्या, हेडमास्तरांच्या हातापाया पडून जुनं जनरल रजिस्टर काढायला लावलं. नोंद सापडली. आडनावातली वेलांटी वेगळी निघाली. आता त्या वेलांटीसाठी वेगळे कागद चालू आहेत.

दुसरी तऱ्हा आठवीतून सुटलेल्या पोरांची. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सहा ते चौदा ही त्याची वयं. चौदानंतर हे पोरगं कुणाचं, ते कायदा सांगत नाही. केळीचे ट्रक भरून घेणाऱ्या मुकादमाला मात्र ते न सांगता कळतं. अशांना ताई हुडकून काढते आणि त्यांच्याकडून १७ नंबरचा फॉर्म भरून घेते, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. दिवसभर केळीचे घड वाहून आलेला पोरगा रात्री आठला भूमितीला बसतो आणि प्रमेयाच्या दुसऱ्या ओळीला झोपतो. ती त्याला उठवत नाही. हे काय शिकवणं झालं? आमच्या वेळी डस्टर फेकून मारायचे.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्यामुळे वस्तीतल्या पोराला तो टपरीवर मागावा लागत नाही, टपरीवाला चेहरा बघूनच पुडी काढतो. ताईची एक परीक्षा असते. पोराला म्हणते, आ कर आणि तुझी तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव. निरोगी तोंडात तिन्ही जातात. सोळा वर्षांच्या एका पोराची दोनच गेली. त्याला वाटलं नापास झालो, तो हसला. तेही नीट हसता येईना.

पहाटे साडेपाचला मैदानावर तिचा दुसरा अवतार. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांना उंची १६५ सेंटिमीटर लागते. एक पोरगा १६४ वर अडकला आहे. तो रोज लिंबाच्या फांदीला लोंबकळतो आणि ताई खालून टेप लावते. हे दृश्य बघायला मॉर्निंग वॉकवाले थांबतात. तुम्हीही थांबा, टाळी वाजवा, फुकट आहे.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, झोक्यावरची गाणी म्हणतात. वस्तीतल्या एका सोळा वर्षांच्या लेकीला त्याच मुहूर्तावर सासरी धाडायचं ठरलं. कायद्याला अठरा लागतात, मुहूर्ताला लागत नाहीत. ताईने १०९८ फिरवला. लग्न थांबलं. त्यानंतर सहा महिने त्या गल्लीत तिला कुणी पाणी विचारलं नाही. एक म्हातारी तर तोंडावरच म्हणाली, 'कसाले येस वं माय तू आठे?' इकडे कॉलनीतही आम्ही हेच शुद्ध मराठीत म्हणत होतो, की दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसायचं. रुळाच्या दोन्ही बाजूंचं असं एकमत मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. सामाजिक सलोखा म्हणतात तो हाच असावा.

इतकं करूनही पोरगी वळणावर येत नसेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय काढा: सत्कार.

८ मार्च ही तारीख सोयीची. जळगावात तोवर ऊन तापलेलं असतं, त्यामुळे शाल पांघरली की सत्कारमूर्ती आपोआप गप्प होते. 'खान्देशकन्या', 'रणरागिणी', 'आधुनिक सावित्री' असे तीन-चार शब्द छापून घ्या. आमच्या सन्मानपत्रावर आम्ही चौघांनी सह्या केल्या. मी त्यासाठी माझं हिरव्या शाईचं पेन बाहेर काढलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते टेबलाच्या वरच्या खणात असतं आणि महत्त्वाच्या सहीलाच निघतं. फोटोही छान आले. फक्त एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही तिच्या हातात माईक दिला. भाषणात ती म्हणाली, 'माझ्याकडे दोन मुलं आहेत, कॉम्प्युटर शिकलेली, टॅली येतं. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या दुकानात...' सूत्रसंचालक हुशार. त्याने तिथल्या तिथे आभारप्रदर्शन सुरू केलं.

आणि त्या शालींचं तिने काय केलं असेल? वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटल्या. ट्रॉफ्यांवरचं 'कर्तृत्ववान महिला' हे लेबल खरवडून त्या कबड्डीच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून दिल्या. आमची ट्रॉफी सध्या उत्कृष्ट पकडीसाठी एका पंधरा वर्षांच्या पोराकडे आहे.

कुणी तिची बाजू घेऊन वाद घातलाच तर साने गुरुजींचं नाव काढा. यासाठीच तर आपण थोर माणसं जपून ठेवलेली असतात. अमळनेर इथून काही लांब नाही. गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवायला होते, वसतिगृहातल्या पोरांचे कपडेसुद्धा धुवायचे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, ते त्यांनी उतरवून घेतलं. आपल्या मुलखात एवढा मोठा माणूस कपडे धुऊन गेल्यावर बाकीच्यांनी पुन्हा कशाला साबण लावायचा? बहिणाबाईंचंही तसंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. तेव्हापासून वस्तीतली एखादी पोरगी शाळेबाहेर दिसली की मला त्यात परंपराच दिसते.

त्या टॅलीवाल्या दोघांपैकी एकाला मी माझ्या भाच्याकडे पाठवलं होतं. माझ्या नावावर एवढं पुण्य लिहून ठेवा. भाच्याचं मोबाइलचं दुकान आहे. पोराने हिशेब करून दाखवला, गिऱ्हाइकाशी बोलून दाखवलं. मग भाच्याने आधार कार्ड उलटं केलं आणि संध्याकाळी मला फोन केला. 'मामा, पोरगा एक नंबर आहे. पण पत्ता बघ ना.' मी पत्ता बघितला. आता पत्त्याला कोण काय करणार?

पण म्हणून त्या पत्त्याला अगदीच नावं ठेवू नका, त्याचे उपयोग आहेत. निवडणुकीत रिक्षावर भोंगा लावून फिरायला पोरं लागतात, तेव्हा आधार कार्ड कुणी मागत नाही. गणपतीत आमच्या मंडळाची गाडी ओढायला तीच पोरं येतात. मागच्या विसर्जनाला मिरवणुकीत दोन मंडळांची जुंपली. आमच्या कॉलनीतल्या पोरांचे बाप चौकीवर वेळेवर पोचले, वस्तीतल्यांचे रात्रपाळीला होते. त्यामुळे नावं लिहिली गेली ती फक्त तिकडची. त्यात १६४ सेंटिमीटरवालाही आहे. उंची भरली तरी चारित्र्य पडताळणीत ते नाव निघणारच. हे त्याला अजून माहीत नाही. ताईला माहीत आहे. ती तरीही रोज टेप लावते.

ती खचलेली दिसली की सुरतेचा विषय काढायला विसरू नका. दोन वर्षं शिकवलेला तिचा सगळ्यात हुशार पोरगा परीक्षेच्या आठ दिवस आधी सुरतच्या गाडीत बसून गेला. बाप आजारी, घरावर उसनवारी, आणि चुलता तिकडे लूमवर. मी तिला भेटलं की आवर्जून विचारतो, 'तो सुरतवाला काय म्हणतो?' ती सांगते, 'फोन येतो काका. बहिणीचा फॉर्म भरला का विचारतो.' अशा वेळी विषय बदलावा.

आता परवाची गोष्ट. रात्री साडेआठला बेल वाजली. दारात ताई, तिच्या मागे फाटकाशी एक काटकुळा पोरगा. तिच्या हातात आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचा फॉर्म. पोराचं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, त्यात सहा माणसं आणि एक टीव्ही. बारावीचा अभ्यास करायचा कुठे? अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते. पैसे त्याने आणले होते, सुटे, मोजून. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता: शिफारस करणाऱ्या सभासदाचे नाव व सही. मी त्या वाचनालयाचा तीस वर्षांचा सभासद. हे तिला कुणी सांगितलं देव जाणे.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर गोंधळू नका. आधी दोघांना आत बोलवा. पाणी द्या. घरात भरीत झालेलं असेल तर कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन जाच म्हणून आग्रह करा, पोरगा लाजेल, त्यात पाच-सात मिनिटं जातील. मग तिच्या कार्याचं तोंड भरून कौतुक करा, आजकाल असं कोण करतं म्हणा. त्यानंतर चष्मा शोधा. चष्मा सापडला की फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचा. मग शर्टाचा खिसा चाचपा, टेबलाचा खालचा खण उघडा, मधला उघडा, वरचा मात्र उघडू नका, आणि जरा खजील होऊन म्हणा, 'पेन नेमकं कुठे गेलं बघा, उद्या येता का?'

आमच्याकडे हा उपाय इथेच फसला. पोराच्या खिशाला पेन होतं.