काउंटीचे छत्तीस गुण

मुलगी व्हर्जिनियात आहे. नोकरी चांगली, घर भाड्याचं, गाडी स्वतःची, लाल. वय एकोणतीस, म्हणजे तिच्या मते अजून वेळ आहे आणि तुमच्या मते वेळ टळून गेली. अशात एक स्थळ येतं. मुलगाही तिकडचाच, कंप्युटरमधला, उंची पाच फूट दहा, गुण अठ्ठावीस जुळतायत, मंगळ नाही. तुम्ही आता खूश व्हायचं की कार्यालयाच्या तारखा बघायच्या, अशा विचारात असताना जिन्यात शेजारचे काका भेटतात. ते डोळे बारीक करून विचारतात, "चौकशी केलीत ना नीट? नाही म्हणजे, तिकडची मुलं..." आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवून भाजीची पिशवी घेऊन वर जातात.

झोप गेली ना? उत्तम. पुढच्या कामासाठी रात्री जागणं आवश्यकच आहे, कारण तिकडची कचेरी आपल्याकडे रात्र असताना उघडते.

पूर्वी चौकशी सोपी होती. मुलगा सदाशिव पेठेतला असेल तर कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला आणि दूधवाला, एवढ्या तीन खात्यांत सगळी माहिती मिळायची. वाण्याची उधारी कळली की घराणं कळलं. अमेरिकेत वाण्याकडे उधारी नसते आणि कपडे घरीच धुतात, त्यामुळे चारित्र्याची ही साधनं तिथे उपलब्ध नाहीत. पण तिथे याहून भारी सोय आहे. तिथल्या कोर्टांची दप्तरं बहुतांशी सगळ्यांसाठी खुली असतात. काही राज्यांत फौजदारी खटला जनतेच्या नावाने चालतो, म्हणून कागदही जनतेचे. तुम्ही कोथरूडची जनता असलात तरी जनताच आहात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. वेबसाइटला पायरी नसते, तेव्हा शहाणपण न गमावता आत शिरता येतं.

आता एक किरकोळ अडचण. देशभरातल्या गुन्हेगारांची एकच यादी उघडून त्यात भावी जावई शोधावा, अशी तुमची कल्पना असेल तर ती सोडा. एफबीआयकडे अशी यादी आहे, पण ती तुमच्यासाठी नाही. एफबीआय फक्त ज्याची त्याला त्याची नोंद देते, १८ डॉलर, बोटांचे ठसे आणि अर्जावर सही घेऊन. साखरपुड्यात मुलाचा चहाचा कप बाजूला काढून ठेवायचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. ठसे मिळतील, सही मिळणार नाही.

म्हणून आपल्याला जायचंय काउंटीकडे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण कोणी ऐकत नाही असं पाहून समजा, कारण अशा तीन हजारांहून जास्त आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात आणि अलास्कात बरो. कनेक्टिकटने १९६० साली काउंटीचा कारभारच गुंडाळला, पण नकाशावर नावं ठेवली. आपल्याकडे एकत्र कुटुंब मोडल्यावरही दारावर आजोबांची पाटी राहते, तसं.

आणि नोंद मिळते ती गुन्हा जिथे घडला त्या काउंटीत, माणूस जिथे राहतो तिथे नव्हे. मुलगा आयटीतला. तो दोन वर्षं टेक्सासात डलासला होता, मग प्रोजेक्ट संपलं म्हणून न्यू जर्सीत एडिसनला, मग कॅलिफोर्नियात सॅन होजेला. म्हणजे आधी त्याच्याकडून सगळे जुने पत्ते काढून घ्यायला हवेत, तेही त्याला संशय न येता. हवेचा विषय काढा. "तिकडे बर्फ पडायचा का रे?" असं प्रत्येक गावाबद्दल विचारत गेलात तर पाऊण तासात आठ वर्षांचा प्रवास हाताला लागतो. त्याने "फ्रिस्कोला होतो" म्हटलं तर तिथे थांबू नका. ते डलासजवळचं गाव दोन काउंट्यांत पसरलंय, काही भाग कॉलिनमध्ये, काही डेंटनमध्ये. तेव्हा हवेबरोबर सोसायटीच्या गेटचं तोंड कुठल्या बाजूला होतं हेही विचारा. वास्तुशास्त्राचं निमित्त सांगता येईल. शिवाय टेक्सासमध्ये मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि लहान गुन्हे काउंटी क्लार्ककडे असतात. जावई कोणत्या दर्जाचा आहे हे आधीच ठाऊक असेल तर एक खेप वाचते.

तो मिडलसेक्स काउंटीत राहत होता असं कळलं तर घरात मोठ्याने सांगू नका, आजी जाग्या असतात. त्या नावाची एक काउंटी न्यू जर्सीत आहे, एक मॅसॅच्युसेट्समध्ये, एक कनेक्टिकटमध्ये आणि एक चक्क व्हर्जिनियात. पहिल्या दोघींत मराठी मंडळं गणपती बसवतात, त्यामुळे आरतीच्या फोटोवरूनही उलगडा होत नाही. ब्रुकलिनचा असेल तर ब्रुकलिन काउंटी शोधत बसाल. ती नाहीच, तिचं नाव किंग्ज. आणि न्यूयॉर्कमधल्या एखाद्या कागदावर "सुप्रीम कोर्ट" असं दिसलं तर लगेच देव पाण्यात घालू नका. तिथे सुप्रीम कोर्ट हे खालचं, खटला चालवणारं कोर्ट आहे. सगळ्यात वरच्या कोर्टाला ते कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात. का म्हणतात ते विचारायला मुलगा घरी आल्यावर वेळ मिळेल, आला तर.

पत्ते झाले, आता नाव. इथे आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारांना जी मदत करून ठेवली आहे तिला तोड नाही. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहायचं, जी-वाय असं, की जे-एन असं, यावर एका घरातल्या दोन भावांचं एकमत नसतं. क्षीरसागरांबद्दल न बोललेलं बरं. वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. आणि ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव छापलेलं असतं त्याला व्हिसावर 'एफएनयू' हे पहिलं नाव मिळतं, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'. हे फनू महाशय अमेरिकेत सगळीकडे आहेत. त्यांच्या नावाने शोध घेऊ नका, वधूपिता हयातभर वाचत बसेल.

काही कोर्टांच्या पानावर 'साउंडेक्स' नावाची चौकट असते. तिच्यात टिचकी मारली की ती सारख्या उच्चाराची नावं एकत्र काढून देते. या युक्तीचं पेटंट १९१८ सालचं. ती पहिलं अक्षर ठेवते, पुढचे स्वर टाकून देते आणि व्यंजनांना आकडे देते. परिणामी पाटील आणि पटेल एकच. जोशी आणि जोगही एकच. आपल्याकडे ज्यावर लग्नं मोडतात ते प्रश्न तिकडे शंभर वर्षांपूर्वी असे परस्पर निकालात निघालेले आहेत. चौकटीत टिचकी मारा आणि समोर आलेल्या प्रत्येक पटेलाकडे संशयाने पाहा.

"पण जन्मतारीख आहे ना!" असं तुम्ही म्हणणार. आहेच. नुसती तारीख नाही, तुमच्याकडे जन्मवेळ आहे, मिनिटासकट, आणि जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश आहेत. जगातल्या कुठल्याही गुप्तहेराकडे नसेल एवढी माहिती पत्रिकेत असते. मुलगा नेमका कॅलिफोर्नियात. तिथल्या अपील कोर्टाने २०२१ साली रिव्हरसाइड काउंटीच्या प्रकरणात सांगितलं की, कोर्टाच्या यादीत लोकांना जन्मतारखेने किंवा लायसन्सच्या क्रमांकाने शोधू देता कामा नये. म्हणजे नावाचा तक्ता मिळेल, पण त्यातला आपला कोणता हे तारखेवरून पडताळायची सोय नाही. शिवाय तिथे फौजदारी खटल्याचे कागद सहसा घरबसल्या दिसत नाहीत, कोर्टाच्या इमारतीत जाऊन बघावे लागतात. कारकुनाला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर. हा दहा मिनिटांचा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे तेवढ्यात चष्मा सापडतो.

न्यूयॉर्कला असा कंजूषपणा नाही. राज्याच्या ६२च्या ६२ काउंट्यांत शोधून देतात, फी ९५ डॉलर. मात्र नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली पाहिजे, आणि नावाचं दुसरं रूप तपासायचं असेल तर पुन्हा ९५. ज्ञानेश्वर असेल तर आधी हॉलचा ॲडव्हान्स परत घ्या.

हे सगळं कटकटीचं वाटलं तर पैसे घेऊन "कोणाचंही सगळं काही" सांगणाऱ्या साइट आहेतच. तिथे नाव टाकलं की एक पट्टी हळूहळू भरत जाते. "कोर्टाच्या नोंदी तपासत आहोत", "माहिती धक्कादायक असू शकते, तयार आहात ना?" तुम्ही बायकोला हाक मारता. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर थांबते आणि कार्डाचा नंबर विचारते. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की १९७० च्या कायद्यात जिला ग्राहक अहवाल संस्था म्हणतात तशी आम्ही नव्हे, या माहितीवर नोकरी किंवा घर देण्याचा निर्णय घेऊ नका. मुलगी देण्याबद्दल काही लिहिलेलं नसतं, म्हणजे परवानगी आहे असं समजायला हरकत नाही.

विस्कॉन्सिनचा मुलगा पाहा, असं मी सगळ्यांना सांगतो. त्या राज्याने सगळ्या काउंट्यांच्या कोर्टाची माहिती एका ठिकाणी फुकट ठेवलीय. तिला ते 'सीकॅप' म्हणतात आणि त्याचं क्रियापदही करून टाकलंय. जेवायला भेटण्याआधी मुली मुलांना सीकॅप करून येतात. थंडी तेवढी फार.

समजा, अखेर तुमच्या मुलाचं नाव सापडलं. रात्रीचे अडीच. व्हर्जिनिया. 'क्लास वन मिसडिमीनर', म्हणजे लहान गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग, जास्तीत जास्त शिक्षा बारा महिने कैद आणि अडीच हजार डॉलर दंड. हातपाय गार. एवढं भयंकर केलं तरी काय त्याने? गाडी चालवली. वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त, किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ मैलांच्या वर गेलं की व्हर्जिनियात तो 'रेकलेस ड्रायव्हिंग'चा, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचा, फौजदारी गुन्हा होतो. ५५च्या रस्त्यावर ७५, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. आपल्या एक्सप्रेसवेवर या वेगाने गेलात तर मागचा हॉर्न वाजवतो.

आता तोच मुलगा न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला असता तर? काउंटीच्या फौजदारी यादीत काही सापडलं नसतं. त्या राज्यात ते वाहतुकीच्या नियमाचं उल्लंघन धरतात, गुन्हा नाही. प्रकरण गावच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. दंड होतो, लायसन्सवर गदा येते, पण कागदोपत्री माणूस निष्कलंक. म्हणजे न पिता जोरात चालवणारा गुन्हेगार, आणि पिऊन चालवणारा सुस्वरूप, सुसंस्कृत, निर्व्यसनी. 'निर्व्यसनी' हा शब्द स्थळाच्या माहितीत आधीपासून छापलेला असतोच.

आपल्या लोकांना याहून जास्त शोभणारे गुन्हे तर काउंटीत दिसतच नाहीत. व्हिसाच्या कागदांत हेराफेरी, शेअर बाजारात आतल्या बातमीवर कमाई, केंद्राचा कर बुडवणं, हे सगळं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात. त्याची वेबसाइट वेगळी, पेसर नावाची, पानाला १० सेंट, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ. तेव्हा काउंटीत चोऱ्यामाऱ्या शोधताना लक्षात ठेवा, मुलगा जितका शिकलेला तितका तो तिथे सापडण्याची शक्यता कमी. पीएचडी असेल तर थेट पेसर.

निकालाच्या रकान्यात काही लॅटिन दिसेल. 'नॉली प्रॉसिक्वाय', म्हणजे सरकारी वकिलाने खटला पुढे चालवला नाही. फ्लोरिडात 'ॲडज्युडिकेशन विथहेल्ड' दिसेल. तिथे न्यायाधीश कबुली ऐकून घेतो आणि दोषी ठरवणं राखून ठेवतो. हे शब्द बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवताना अर्थ पाठवू नका. अर्थामुळे चर्चा आटोपते. अटक झाली एवढंच कळवा, पुढे सुटला हे कोणी विचारलं तर सांगता येईल. आणि काहीच सापडलं नाही तर त्याहून सावध व्हा. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कायदा केला, की ठरावीक जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर आपोआप झाकल्या जाव्यात. मागोमाग इतर राज्यांनीही असे कायदे केले. तेव्हा कोरं पान म्हणजे काहीतरी झाकलेलं पान असू शकतं, हे काकांना सांगितलंत तर ते पुढचं वाक्य पूर्ण करतील.

मुलाला मात्र सरळ विचारू नका. एकाने विचारलं होतं. मुलाने सांगितलं, "हो, एकदा पोलिसांकडून दंडाचं तिकीट मिळालं होतं, कोर्टात गेलो, वकिलाचे अमुक इतके पडले." पाच मिनिटांत संपलं. वधूपित्याच्या तीन रात्री, ९५ डॉलर आणि साउंडेक्स, सगळं पाण्यात.

आणखी एक. व्हर्जिनियाच्या कोर्टाचं पान उघडं असेलच, तर त्याच चौकटीत सहज गंमत म्हणून आपलं आडनाव टाकायचा मोह होईल. पोरगी लाउडन काउंटीत राहते, ऑफिसला नेहमी उशिरा निघते, आणि मागच्या दिवाळीला तुम्ही तिला तो महागाचा वकील कशाला लागला म्हणून विचारलं तेव्हा ती "घराच्या कागदांसाठी" म्हणाली होती. घर भाड्याचं आहे. चौकट बंद करा, झोपा.