हप्ता कोण भरतंय ते आधी सांगा

‘शहाणा माणूस गाडी कधीच कॅशने घेत नाही’ हा मेसेज मला आतापर्यंत सात-आठ जणांनी तरी पाठवलाय. परवा भाच्याने पाठवला तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू, कारण तो खरंच २५ लाखांची गाडी घ्यायला निघालाय, ५ लाख सेव्हिंगमध्ये आहेत, २० लाखांच्या एफडी आहेत आणि मला विचारतोय, मामा, एफडी मोडू का लोन काढू?

मेसेजमधलं गणित असं आहे. २० लाखांचं लोन, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता ४१,५१७ रुपये, एकूण व्याज जातं ४.९१ लाख. तेच २० लाख ७ टक्क्यांच्या एफडीत राहू दिले तर ५ वर्षांत व्याज येतं ८.३० लाख. म्हणजे बँकेला ४.९१ द्यायचे, बँकेकडून ८.३० घ्यायचे, ३.३९ लाख खिशात, गाडी पण आली आणि वर पैसे पण! खाली मग लोन रिड्युसिंग असतं (व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागतं), एफडी कंपाउंडिंग असते (व्याजावर व्याज मिळतं) वगैरे ज्ञान, आणि शेवटी श्रीमंत लोकं असाच विचार करतात.

आकडे चुकलेले नाहीत हे आधीच सांगतो, मी स्वतः करून बघितलेत. पण ७ टक्क्यांनी पैसे ठेवायचे, ९ टक्क्यांनी उसने आणायचे आणि तरी फायदा झाला म्हणायचं, असं कुणी माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिने त्याला चहासुद्धा विचारला नसता.

गडबड कुठाय बघा. हप्ता ४१,५१७ चा, तो ६० वेळा भरायचाय, म्हणजे २४.९१ लाख. हे कुठून येणार? एफडी तर हात न लावता ठेवलीय ना, मग हे पगारातून जाणार. मेसेजवाल्याने लोनचं व्याज मोजलं, एफडीचं व्याज मोजलं, आणि दर महिन्याला पगारातून जाणारे साडेएक्केचाळीस हजार सरळ गिळून टाकले. ज्याने एफडी मोडून गाडी घेतली त्याचा पगार पण तेवढाच आहे की, त्याच्याकडे हे ४१,५१७ दर महिन्याला शिल्लक राहतात, ते तो काय खिडकीतून फेकणार आहे का? त्याने तेच पैसे ७ टक्क्यांच्याच आरडीत टाकले तर ५ वर्षांनी २९.६९ लाख होतात. आणि लोनवाल्याची एफडी झाली २८.३० लाखांची. दोघांच्या दारात तीच गाडी, तेवढीच जुनी, पण लोनवाला जवळपास १.४० लाखांनी मागे. म्हणजे ३.३९ लाखांचा फायदा नाही, १.४० लाखांचा तोटा.

त्यात टॅक्स धरलेलाच नाही अजून. एफडीचं व्याज तुमच्या स्लॅबने टॅक्सेबल, भाचा ३० टक्क्यांत आहे, सेस धरून ३१.२. लोनवाल्याला ८.३० लाखांवर टॅक्स, आरडीवाल्याला फक्त ४.७८ लाखांवर. तो वजा केला की फरक ढोबळमानाने अडीच लाखांवर जातो.

मेसेजमधला पुढचा मुद्दा, ‘९ टक्के नावालाच, प्रत्यक्षात ४.९ टक्केच पडतं’. हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं आणि हेच सगळ्यात फसवं आहे. ४.९१ लाख भागिले २० लाख भागिले ५, असं करून ४.९ काढतात. अहो पण २० लाख तुमच्याकडे ५ वर्षं होते कुठे? पहिल्या महिन्यात व्याज २० लाखांवर लागतं, १५ हजार. ३० हप्ते भरून झाले की मुद्दल ११ लाखांच्या आसपास उरलेलं असतं, म्हणून व्याज कमी दिसतं. तुम्ही पैसे परत केलेत म्हणून ते कमी आहे, बँकेने दया दाखवली म्हणून नाही. जेवढे पैसे जेवढे दिवस तुमच्याकडे होते त्यावर पूर्ण ९ टक्के लागलेत.

याच गणिताला उलटं फिरवून ‘फ्लॅट रेट’ नावाचा प्रकार विकतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच मोजायचं. मी स्वतः फसलोय यात, पहिल्या गाडीच्या वेळी एका फायनान्सवाल्याने ५ लाखांवर ‘फक्त ७ टक्के’ सांगितले, ५ वर्षं, हप्ता ११,२५०, मी खूश, शेजारी बँकेत ११ टक्के चालू होते. ते ७ फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगमध्ये साडेबारा टक्के होते हे मला दीड वर्षाने ऑफिसमधल्या अकाउंटंटने सांगितलं, ते पण हसत हसत. आता निदान १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा लोनला केएफएस, म्हणजे लोनच्या सगळ्या अटी-खर्चांचा एक कागद, द्यावाच लागतो, त्यात एपीआर लिहिलेला असतो, प्रोसेसिंग फी वगैरे धरून खरा वार्षिक खर्च. सेल्सवाला तोंडाने काहीही बोलो, तो कागद मागा.

आता कुणी म्हणेल एफडी सोडा, म्युच्युअल फंडात १२ टक्के मिळतात. ठीक आहे, बघू. २० लाख ५ वर्षं १२ टक्क्यांनी ३५.२५ लाख होतात, आणि व्याज फक्त ४.९१, म्हणजे १० लाखांचा फायदा असा त्यांचा हिशोब. पण पुन्हा तोच प्रश्न, हप्ता? कॅशवाल्याने ४१,५१७ ची एसआयपी त्याच फंडात, त्याच १२ टक्क्यांनी केली तर ३३.३५ लाख होतात. फरक १.९० लाख. मग दोघांचा टॅक्स, २३ जुलै २०२४ पासून शेअरच्या फंडांवर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या लाँग टर्म नफ्यावर साडेबारा टक्के, लोनवाल्याचा नफा मोठा म्हणून टॅक्स पण मोठा. हातात उरतो साधारण एक लाख, ५ वर्षांचा मिळून, त्यातून प्रोसेसिंग फी वेगळी. इथे लोनवाला पुढे आहे हे मान्य करतो, पण १० लाखांनी नाही.

आणि तोही १२ टक्के मिळाले तर. साडेनऊ टक्क्यांच्या आत रिटर्न आला की सगळं उलटं होतं, टॅक्स धरला तर ती रेषा आणखी वर. निफ्टी जानेवारी २००८ मध्ये ६३०० च्या आसपास होता, बरोबर ५ वर्षांनी जानेवारी २०१३ मध्ये ६००० च्या आसपास, डिव्हिडंड सोडला तर ५ वर्षांत शून्याच्या खाली. त्या वेळी ज्याने लोन काढून एकरकमी शेअरमध्ये टाकले असतील त्याचा हप्ता काही थांबला नसणार. बँकेचे ९ टक्के पक्के असतात, तुमचे १२ टक्के आशेवर.

मेसेजवाल्यांचं आणखी एक, ‘लोनवर टॅक्स वाचतो’. नोकरदाराला वैयक्तिक कारलोनवर काही वाचत नाही. इलेक्ट्रिक गाडीसाठी ८०ईईबी हे लोनच्या व्याजावर सूट देणारं इन्कम टॅक्सचं कलम होतं, पण ते १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या लोनपुरतं. व्यावसायिकाला धंद्यासाठी वापर असेल तेवढं व्याज खर्चात टाकता येतं, खरंय. पण १५ टक्के डेप्रिसिएशन (घसारा) पण लोनच्या फायद्यात मोजतात लोक, ते कॅशने घेतलेल्या गाडीला पण मिळतं हो! आणि ‘कंपनीच्या नावावर घ्या’ हा सल्ला महाराष्ट्रात देण्याआधी आरटीओचा टॅक्स बघा, २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. जीएसटीचं क्रेडिट पण अशा गाडीवर बहुतेक धंद्यांना मिळत नाही.

श्रीमंत लोकांचं काय मग? त्यांच्यातल्या काहींचा हप्ता बलूनचा असतो, म्हणजे मुद्दलाचा मोठा तुकडा शेवटी एकदम द्यायचा, तो मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये फार गोड आवाजात सांगतात. ४० लाखांचं लोन, ४ वर्षं, ९ टक्के, साधा हप्ता ९९,५४०. बलूनमध्ये १६ लाख शेवटी द्यायचे, हप्ता होतो ७१,७२४. वा! फक्त त्या १६ लाखांवर तुम्ही ४ वर्षं नुसतं व्याज भरत बसता, एकूण व्याज ७.७८ लाखांवरून १०.४३ लाखांवर जातं. ज्याचा पैसा धंद्यात २० टक्क्यांनी फिरतोय त्याला परवडतं हे, आपला पैसा एफडीत ७ ने झोपलाय.

एक मुद्दा मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, कॅश दिली म्हणून डिस्काउंट जास्त मिळत नाही. उलट लोन केलं की डीलरला बँकेकडून कमिशन मिळतं, त्यामुळे लोनवाल्याला कधीकधी जास्त सूट देतात. (कॅश म्हणजे नोटा नव्हेत, २ लाख किंवा वर नोटांमध्ये डीलरला घेताच येत नाहीत.) कंपनीची स्वतःची कमी व्याजाची स्कीम असेल तर ती जरूर बघा, पण त्या बदल्यात किती डिस्काउंट गेला ते पण मांडा.

आणि एक आक्षेप मी स्वतःच घेतो. कॅशवाला खरंच दर महिन्याला ४१ हजार बाजूला टाकेल का? बहुतेक नाही टाकणार, हॉटेलात आणि सेलमध्ये जातील. लोनचा हप्ता कापला जातोच, त्यामुळे एफडी शाबूत राहते, हे खरंय. पण मग तसं सांगा ना, की मला शिस्त नाही, म्हणून मी बँकेला वर्षाला, टॅक्स न धरताही, पंचवीस-तीस हजार शिस्तीची फी देतो. त्याला फायदा म्हणू नका. नाहीतर गाडी घेतल्या दिवशीच त्या रकमेची आरडी लावा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाणारी.

पूर्ण एफडी मोडायला पण मी भाच्याला सांगितलं नाही, घरात म्हातारे आहेत, उद्या हॉस्पिटल लागलं तर गाडी विकून बिल भरणार का. त्याच्या ५-५ लाखांच्या चार एफडी आहेत, त्यातल्या सगळ्यात कमी व्याजाच्या दोन मोडायच्या (मोडताना व्याजातले अर्धा-एक टक्का कापतात, ते धरूनच बघितलं), १० लाखांचं लोन ३ वर्षांसाठी, हप्ता ३१,८००, आणि ४१,५१७ मधले उरलेले ९,७०० आरडीत. फिक्स्ड रेटच्या लोनला आधी फेडलं तर किती दंड लागतो ते विचारून ठेव म्हटलं, शोरूमच्या माणसाला ते माहीत नव्हतं, बँकेला फोन लावून सांगतो म्हणालाय. आज चौथा दिवस.