स्टेप्स झाल्या!

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता आमच्या सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टवर माझ्या दोन स्टेप्सच्या तीन करण्यात आल्या. आज गुरुवार. अजून उतरलेलं नाही.

कोर्ट म्हणजे खरं तर अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर स्कूटर असतात आणि भाद्रपदात गणपती. गेम 21 चा, स्कोअर 18-18. मी उजवीकडून ड्रिबल करत आत शिरलो, बॉल हातात घेतला, एक, दोन, आणि बोर्डवर टाकला. आत! एवढं सगळं एकापाठोपाठ बिनचूक माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. आणि शिट्टी वाजली. बॉल हातात धरून दोनच पावलं टाकता येतात, तिसरं पडलं की बॉल समोरच्यांचा. त्यालाच म्हणायचं स्टेप्स.

“स्टेप्स!”

शिट्टीवाले काका 74 वर्षांचे. त्यांना रेफरी कोणी नेमलेलं नाही. सकाळी फेऱ्या मारायला उतरतात आणि गळ्यात शिट्टी असते. ती त्यांनी भटक्या कुत्र्यांसाठी घेतली होती. कुत्र्यांनी दाद दिली नाही, आम्ही दिली.

“काका, दोनच होत्या.”

“तीन. डावा, उजवा, डावा. मी मोजल्या.”

“पहिला डावा धरायचा नसतो. बॉल हातात येताना जो पाय जमिनीवर असतो, तो शून्य.”

“शून्य?” काकांनी साक्षीदार शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. “पाय टाकलास ना? मग शून्य कसा? अरे, मी बँकेत 36 वर्षं काढली. पहिला हप्ता शून्य, दुसऱ्यापासून मोजा, असं कोणी येऊन म्हणालं असतं तर त्याला चहा पाजला असता का मी?”

मी म्हटलं, 2017 पासून फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमातच आहे हे. एनबीएवाले, म्हणजे अमेरिकेतली मोठी लीग, तर त्याच्याही आधीपासून असंच मोजतात. मोबाइलवर कलम 25 काढून त्यांच्यापुढे धरलं. म्हणाले, चष्मा वर राहिला. मी वाचून दाखवतो म्हटलं, तर म्हणे, “तू तुझ्याच सोयीचं वाचणार.”

एव्हाना बॉल काकांच्या काखेत गेला होता, आणि काखेतला बॉल ते मुद्दा संपेपर्यंत सोडत नाहीत. मुद्दा नागपाड्याला पोचला. तरुणपणी काका नागपाड्याच्या कोर्टवर खेळलेत. तिथे असा चाललो असतो तर रेफरीच्या आधी पोरांनीच मला हाकललं असतं म्हणे. असेलही. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की जाणकार आधी नागपाडाच म्हणतात, त्यामुळे त्यापुढे बोलता येत नाही. काकांना हे पक्कं ठाऊक आहे.

“आमच्या वेळी ती तीनची रेघसुद्धा नव्हती. कुठूनही टाक, दोनच. लांबून टाकला म्हणून तीन? उद्या बदलापूरहून येणाऱ्याला पगार जास्त देशील?”

मला तर द्यायलाच हवा असं वाटतं. पण काकांचं रेघेबद्दलचं म्हणणं खरं होतं: एनबीएत ती 1979 ला आली आणि आंतरराष्ट्रीय खेळात 1984 ला. काका बॉल सोडेनात तेव्हा मला 24 सेकंदांचा नियम आठवत होता: बॉल हाती आला की तेवढ्या वेळात बास्केटकडे टाकायलाच हवा. 1950 साली एनबीएत एक मॅच 19-18 अशी संपली, कारण एक संघ बॉल धरूनच बसला. मग 1954 ला डॅनी बियासोन नावाच्या संघमालकानं हिशेब मांडला. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बॉल टाकतात, मॅच 2880 सेकंदांची. भागा, 24 आले. इतका सुंदर भागाकार करणाऱ्या माणसानं काखेतल्या बॉलबद्दल काहीच लिहून ठेवू नये?

आता समोरच्या संघातला 16 वर्षांचा मुलगा सरसावला. हा एनबीएतल्या शाय गिल्जस-अलेक्झांडरला ‘फ्री थ्रो मर्चंट’ म्हणतो, म्हणजे फाउल झाल्याचं नाटक करून फुकटचे पॉइंट कमावणारा, आणि त्याच सकाळी माझा कोपर हवेत असताना हा आईच्या नावानं ओरडून पडला होता.

“अंकल, तुम्ही मायकल जॉर्डनच्या जमान्यातले ना? तुम्हाला नवीन रूल्स नसतील माहीत.”

नवीन नियम मीच सांगत होतो! मी म्हटलं, बाळा, 2019 ला वरळीला एनबीएची पेसर्स-किंग्ज मॅच झाली, तेव्हा मी तिथे बसून बघितलीय.

“प्रीसीझन होती ना ती?”

प्रीसीझनच होती, सीझनआधीची सरावाची मॅच. पण तिकिटाचे पैसे खरे होते. मी साडेपाचला उठून, आवाज बंद ठेवून, अंधारात मॅच बघतो. हा पंधरा सेकंदांच्या रील्स बघतो. तरी निकाल याचा, कारण मी 44 चा आहे आणि धापा टाकतोय. काका माझ्या बाजूनं बोलायला गेले आणि एनबीएतल्या विल्ट चेंबरलेनचे एकाच मॅचमधले 100 पॉइंट काढले, 1962 चे. मुलगा म्हणाला, त्याचा व्हिडिओ नाही, म्हणजे काय खरं? काका म्हणाले, “तुझ्या पणजोबांचाही नाही.” हा वाद उत्तम चालला होता, फक्त त्यात माझं बास्केट कुठेच नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. “अहो, ती शिट्टी बंद करा! माझ्या कुकरच्या किती झाल्या तेच कळेना. डाळ कच्ची राहिली!”

यावर काकांनी आणखी एक शिट्टी मारून बॉल समोरच्यांना दिला. मुलानं खडूच्या रेघेबाहेरून फेकला. आत. आणि ज्यांचा तीनवर विश्वास नाही त्या काकांनी हात उंच करून तीन बोटं दाखवली. 21-18.

एनबीए चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांत रेफरी कुठे चुकले ते दुसऱ्या दिवशी स्वतःच जाहीर करते. निकाल बदलत नाही. मलाही तो बदलून नको होता. कोणीतरी कुठेतरी लिहावं, की पाय शून्य होता. बस.

लिहिलं कुठे, तर सोसायटीच्या ग्रुपवर. मुलाच्या मित्रानं काढलेला व्हिडिओ, स्लो मोशनमध्ये, त्यात माझं पोट वेगळ्या वेगानं येतंय. खाली मतदान: स्टेप्स झाल्या की नाही. झाल्या, 31. नाही, 2. मध्येच सेक्रेटरींनी मेंटेनन्सची आठवण करून दिली, तिलाही माझ्यापेक्षा जास्त अंगठे पडले.

त्या दोनांतलं एक मत माझं. दुसरं बायकोचं असेल म्हणून मी तिला थँक्यू म्हटलं. “मी झाल्या म्हटलंय,” ती म्हणाली. “दिसतंय की.”

शेवटी नावं उघडून पाहिली. दुसरं मत कुकरवाल्या काकूंचं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, “शिट्टी वाजवायलाच नको होती.”