खिडकीतली कोपरं

माझ्या लेकाच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन रविवारी संपलं. 26 चित्रं होती आणि सगळी एसटीची. तीन दिवस चहाचा थर्मास भरून भरून हात दुखले, पण मन इतकं भरून आलंय की आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लेक 32 वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. स्वतःतच मग्न असलेल्या माणसाला समोरच्या गाडीच्या वायपरचं रबर कुठे फाटलंय ते कसं दिसेल?

तो सात-आठ वर्षांचा असताना घरात संध्याकाळ झाली की भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. काही केल्या थांबायचा नाही. मग हे त्याला सातारा स्टँडवर घेऊन जायला लागले. त्या गोंगाटात, धुरात तो गप्प बाकावर बसायचा. का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण रोजचा नेम झाला, आणि वर्षानुवर्षं चालला. फलाटावरच्या बाकावर बसलेल्या लहान मुलाला गाडीतली माणसं पुरती दिसत नाहीत. दिसतात ती खिडकीच्या कडेवर टेकलेली कोपरं.

त्याच्या चित्रांत आजही एकसुद्धा चेहरा नाही. कोपरं आहेत. हिरव्या बांगड्या वर सरकलेलं एक, बाही दुमडलेलं एक, एक म्हाताऱ्या माणसाचं, कातडी लोंबणारं. मेढ्याच्या गाडीच्या चित्रात एका पोराचा हात पार खांद्यापर्यंत बाहेर आलाय, त्याच्या मागून एक मोठा हात त्याला आत ओढतोय. त्या दोन हातांत अख्खं घर दिसतं मला.

आणि तो लाल रंग! आपण म्हणतो एसटी लाल. त्याच्याकडे लाल एक नाही. खिडक्यांखालचा उन्हाने विटलेला, चाकावरचा चिखलाने तपकिरी झालेला, आणि मध्येच एक चौकोन एकदम ताजा. मी विचारलं हा असा का, तर म्हणाला, "नवा पत्रा." ठोकर लागून दुरुस्त झालेली गाडी होती ती. गाडी कुठल्या कार्यशाळेत बांधली, दापोडी, चिकलठाणा की नागपूरची हिंगणा, हे त्याला नंबरावरून कळतं. चित्राच्या कोपऱ्यात तो सही करत नाही, गाडीची पाटी काढतो. 'सातारा–स्वारगेट, विनाथांबा विनावाहक', सुबक अक्षरात. गाडीची पाटी हीच त्याची सही.

हे सगळं त्याचं त्याने केलंय, हे मुद्दाम सांगते, कारण एक जुनी सल आहे. तो दहा वर्षांचा असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याच्या बाईंनी त्याचा हात धरून आकाश निळं रंगवून घेतलं, डोंगर काढले, डोंगराआडून सूर्य काढला. त्यांना वाटलं चित्र पूर्ण दिसावं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने किंचाळून कागद फाडला, आणि 'हिंसक आहे' असा शेरा घेऊन आम्ही घरी आलो. पुढची तीन वर्षं त्याने पेन्सिल हातात धरली नाही. आजही अशा मुलांच्या प्रदर्शनात गेले की मला पहिल्या नजरेत कळतं कुठल्या चित्रात मोठ्यांचा हात फिरलाय. कृपा करून करू नका असं. वाकडं राहू द्या, अर्धं राहू द्या.

अमेरिकेतल्या जूडिथ स्कॉट या कलाकार बाईबद्दल मी खूप वाचलंय. 1943 चा जन्म, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच असलेली बौद्धिक वाढीची अडचण. सातव्या वर्षी संस्थेत ठेवलं आणि पस्तीसहून जास्त वर्षं ती तिथेच. तिला ऐकू येत नाही हेसुद्धा कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी जुळ्या बहिणीने तिला आपल्याजवळ आणलं आणि ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात घातलं. तिथे जवळजवळ दोन वर्षं तिने मन लावून काहीच केलं नाही. तरी कुणी तिला काढून टाकलं नाही. मग एक दिवस दोरा हातात आला. ती वस्तूंभोवती सूत, लोकर, चिंध्या गुंडाळत गेली, आणि 2005 मध्ये जाईपर्यंत गुंडाळत राहिली. ब्रुकलिन म्युझियमने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

मी त्या दोन वर्षांपाशीच अडकते. आपल्याकडे अठरा वर्षं झाली, शाळा सुटली, की पुढे बहुतेकांच्या वाट्याला पणत्या, राख्या आणि कागदी पिशव्या. त्या कामाला मी कमी लेखत नाही, कितीतरी मुलं त्यात रमतात. पण एखाद्याला पणती रंगवायचीच नसेल तर? त्याला टेबल, कागद आणि दोन रिकामी वर्षं कोण देणार?

प्रदर्शनाला आलेली माणसं चांगलीच होती, प्रेमाने आली होती. पण किती जणांनी चित्राकडे धड न बघता माझा हात हातात घेतला! "तुमची तपश्चर्या हो." "देव एक काढून घेतो, दुसरं देतो." "बिचारा, किती छान काढतो." तो तिथेच उभा होता, दोन हातांवर. त्याला ऐकू येतं. मिशा असलेला बाप्या माणूस आहे तो, बाळ नाही.

आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी एक निवृत्त कंडक्टर आले. माझ्याशी एक शब्द नाही. चष्मा वर करून एका गाडीच्या पाठीमागच्या चित्रापुढे उभे राहिले, बराच वेळ. मग वळून थेट त्याला विचारलं, "शिडीची तिसरी पायरी वाकलेली आहे. कुणी वाकवली?" माझा लेक, जो अनोळखी माणसाशी बोलत नाही, तो म्हणाला, "कोंबड्यांची पाटी." टपावर चढवताना म्हणे. दोघं हसले. किंमत विचारली तर मी संकोचून म्हटलं, अहो असंच न्या, तुम्ही एवढं बघितलंत. ते म्हणाले, "बाई, उभ्या जन्मात फुकट कुणाला बसू दिलं नाही, मी कसा नेऊ?" 1500 रुपये त्याच्या हातात मोजून दिले.

ते पैसे त्याच्याच खात्यात जाणार. ते खातं उघडायला मला एका बँकेत सात हेलपाटे पडले, कारण अठरानंतर आईबाप आपोआप पालक उरत नाहीत. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी सांगते, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता, या सगळ्यांना तो कायदा लागू आहे. वेळेत काढून ठेवा.

सध्या तो शिवाई काढतोय, ती विजेवरची नवी गाडी. अंग झालं, चाकं झाली, आरसे झाले. खिडक्या मात्र कोऱ्या आहेत. त्या गाडीच्या काचा उघडत नाहीत, कोपरं बाहेर येणार कुठून? तीन दिवस झाले, कागद टेबलावर तसाच आहे. तो येतो, समोर बसतो, बघतो, उठून जातो. मी फक्त पाण्याचा ग्लास कागदापासून लांब सरकवून ठेवते.