राज्यं पगार देत नाहीत, हमी देतात

अमेरिकेत शटडाउन झालं, म्हणजे खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने संघराज्य सरकारचं कामकाज अडलं, की तिथली राज्यं सैनिकांचे 'पगार भरतात', असं काही लेखांत म्हटलेलं असतं. ते तसं नाही. सैनिकांचा पगार संघराज्याच्या तिजोरीतून, १ आणि १५ तारखेला होतो. राज्य फार तर मधली खिंड लढवतं.

कनेक्टिकटचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९च्या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये संरक्षण खात्याचा निधी आधीच मंजूर होता, त्यामुळे लष्कराचे पगार झाले. पण तटरक्षक दल गृहसुरक्षा खात्याखाली येतं, त्यांचा १५ जानेवारीचा पगार चुकला. त्यांची अकादमी याच राज्यात, न्यू लंडनला. राज्याने बँकांना हमी दिली, बँकांनी पगाराच्या पावतीवर ५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं.

बेकारभत्ता मात्र इथे कामाचा नाही. सक्तीच्या रजेवरच्या नागरी कर्मचाऱ्याला तो मिळू शकतो (आणि थकीत पगार आला की परतही करावा लागतो), पण सेवेत असलेल्या सैनिकाला नाही, कारण तो बेकार नाहीच!

लोक फसतात ते आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांत. पगार जमा होत नाही, हप्ता मात्र जातो, वर बँकेचा दंड. म्हणून घरमालक आणि बँकेला तारखेच्या आधीच लेखी कळवायचं.

नॅशनल गार्डचं, म्हणजे राज्यांतल्या अर्धवेळ राखीव सैन्यदलाचं, वेगळंच. रद्द झालेल्या कवायतीचा मोबदला थकीत म्हणूनही येत नाही. गव्हर्नरने राज्याच्या कामावर बोलावलं, तरच राज्य खरोखर पगार देतं.