पैसे घेताना एकच बिल, तक्रार केली की दोन डिपार्टमेंट

बंद पडलेल्या फोनची तक्रार नोंदवायची, तर ओटीपी त्याच बंद पडलेल्या फोनवर येणार म्हणे. माणसाचं डोकं फिरायला अजून काय लागतं?

शुक्रवारी सकाळी घरातला वायरलेस लँडलाइन मुका झाला. खिडकीत ठेवलेला तो सेट, त्याची वीतभर काळी अँटेना, वर दोन ओळींचा हिरवा स्क्रीन. स्क्रीनवर नेहमी कंपनीचं नाव असतं, ते जाऊन सिम सापडत नाही म्हणून इंग्रजीत ओळ आली. सिम काढलं, पुसलं, परत घातलं. अँटेना पिळून घट्ट केली. टोन नाही म्हणजे नाही. मग मोबाइलवरून कस्टमर केअरला लावला. मराठीचं बटण दाबलं की हिंदी बोलणारा माणूस येतो, हे आता कोणाला सांगायलाच नको. तर तो म्हणतो, "सर, आपल्या अकाउंटचा प्रायमरी नंबर लँडलाइनचा आहे. त्यावर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा."

"अहो, तोच तर बंद आहे. त्याचीच तक्रार करतोय."

"हो सर, पण ओटीपीशिवाय तक्रार घेता येत नाही."

"मी ज्या मोबाइलवरून बोलतोय तो त्याच बिलात आहे. त्याच्यावर पाठवा."

"सर, तो सेकंडरी आहे."

"मग तो प्रायमरी करून टाका."

"त्यासाठी प्रायमरीवर ओटीपी जाईल, सर."

हे तो शांतपणे सांगत होता. वाचून दाखवल्यासारखं. मी आवाज चढवला तर "कृपया शब्द जपून वापरा, हा कॉल रेकॉर्ड होतोय." होऊ दे की रेकॉर्ड! माझं तर म्हणणं आहे तो कॉल तुमच्या सगळ्या साहेबांना बसवून ऐकवा. लँडलाइनला प्रायमरी केलं कोणी? तुमच्याच पोरानं. आमच्या सोप्यात बसून, चहा पिऊन, टॅबवर फॉर्म त्यानं भरला. आम्ही फक्त आधार कार्ड दिलं आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावले. तेव्हा तो काय म्हणाला होता ते अजून कानात आहे: "काका, दोन मोबाइल आणि लँडलाइन, सगळं एकाच बिलात. डोक्याला ताप नाही."

फोनवर दाद लागेना म्हणून सांगलीतच विश्रामबागेत कंपनीची गॅलरी आहे, तिथे गेलो. टोकन घ्या, बसा. समोर तीन काउंटर, माणूस एकावर. नंबर आला तर तिथली मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणते, "लँडलाइनचं डिपार्टमेंट वेगळं आहे काका, आम्ही इथे मोबाइलचं बघतो." तिच्या डोक्यावर भिंतभर बोर्ड: मोबाइल अधिक लँडलाइन, एक बिल. मी बोट करून दाखवलं. ती म्हणाली, "बिल एक आहे काका. सर्व्हिस वेगळी आहे." म्हटलं मग बिल भरायला पण वेगळं काउंटर आहे का? तर नाही, बिल तिथेच भरता येतं. क्यूआर कोड समोरच चिकटवलेला. पैसे घ्यायला कुठलंच डिपार्टमेंट लागत नाही यांना.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला बिचारीला कुणी काही शिकवलेलंच नाही. राग आहे तो तिला तिथं पुढं करून स्वतः ॲपच्या आड दडून बसलेल्यांवर.

बरीच बोलाचाली झाल्यावर तिनं कुठून तरी तक्रार नोंदवल्याचा एक डॉकेट नंबर काढून दिला. घरी येऊन बूट काढतोय तोवर मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया अभिप्राय द्या. सेट तसाच मुका, स्क्रीनवर तीच ओळ. कोण आलं? कोणी बघितलं? इथे खिडकीत बसून आई त्या सेटकडे बघत होती, तिला विचारलं का कोणी?

आता काही जण म्हणतील, लँडलाइन हवाच कशाला या काळात. त्यांनी एकदा ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या हातात टचस्क्रीन देऊन बघावा. आईचं बोट लागलं की चालू फोन कट होतो, गाल लागला की स्पीकर सुरू होतो. बटणाचा फोन मात्र ती न बघता लावते. मिरजेची मावशी, कराडची माझी बहीण, डॉक्टर, सगळे नंबर बोटांना पाठ आहेत. दुपारी मावशीशी बोलणं हा तिच्या दिवसातला मोठा कार्यक्रम आहे, आणि तो यांच्या एका नोंदणीपायी बंद पडलाय. आम्ही दोघंही कामावर असताना तिला काही झालं तर ती फोन करणार कशावरून?

आणि आम्ही काही हौसेनं वायरलेस घेतला नव्हता. गावभागात आमच्याकडे चांगला तारेचा फोन होता. ड्रेनेजच्या खोदकामात गल्लीतली केबल तुटली आणि ती जोडायला कोणी फिरकलंच नाही. तारेच्या फोनला घरातली लाइट लागायची नाही. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट तारेतूनच यायचे, त्यामुळे अख्खी पेठ अंधारात असली तरी फोन वाजायचा. लोडशेडिंगच्या काळात रात्र रात्र लाइट नसायची, पण फोनचा टोन कधी गेला नाही. ही सोय आपल्याकडे होती! ती काढून घेतली आणि हातात काय दिलं, तर मोबाइलचंच सिम घातलेला डबा. आत एक चपटी बॅटरी. वर्ष होतं न होतं तोच ती फुगली, मागचं झाकण बसेना, आता चिकटपट्टी लावलीय. दुसरी मागितली तर "ते मॉडेल बंद झालं." लाइट गेली की सेट गेलाच. आणि सांगलीत नदीकाठच्या माणसाला लाइट जाणं म्हणजे काय ते विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आधी लाइट, मग टॉवर, मग घरातली माणसं कुठं आहेत ते कळायचं बंद. त्या वेळी मोबाइलच्या काड्या गेल्या की पोटात काय होतं ते आम्ही भोगलंय. लँडलाइन म्हणून जे विकता ते निदान मोबाइलच्या आधी तरी बंद पडू नये, एवढं मागणं जास्त आहे का?

वायरलेसचा हा खेळ नवाही नाही. २००३-०४ च्या सुमारास सीडीएमए नावाच्या तेव्हाच्या मोबाइल तंत्राचे असेच सेट घरोघरी वाटले होते, सोबत मोबाइल हँडसेट, तोही त्याच कंपनीला बांधलेला. पुढे कंपन्यांनी सीडीएमए गुंडाळलं आणि ते सेट आणि हँडसेट भंगारात. लोकांचे पैसे कुठे गेले, कोणी विचारलं नाही. नंतर २८ दिवसांचा महिना काढला. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा, असा उघड उघड डल्ला! टेलिफोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा म्हणून, तेव्हा कुठे तो आला. दुकानदार मात्र अजून २८ वालाच पुढे करतो. कोरोनात तर घाईच्या वेळी माणसाला फोन लावावा तर आधी तो खोकला ऐका. चिडलेलं माणूस किती दिवस चिडत बसणार? पण म्हणून सोडून द्यायचं का?

म्हटलं जाऊ दे, नंबर पोर्ट करू, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू. मोबाइल पोर्टेबिलिटी २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, १९०० वर मेसेज टाकला की झालं. दोन्ही मोबाइलची विनंती परत आली: थकबाकी. कसली थकबाकी? मोबाइलचे पैसे मी ठेवलेलेच नाहीत. निघालं असं की मागच्या वेळी सेट काही दिवस बंद होता, तेव्हाचं लँडलाइनचं भाडं मी वजा करून मागितलं होतं. तो वाद तसाच पडलाय आणि ती रक्कम एकत्र बिलात लोंबकळतेय. बिल एक, म्हणून मोबाइलही अडकले. तक्रारीच्या वेळी डिपार्टमेंट वेगळं होतं ना? आता कसं एक झालं? आणि ०२३३ चा, म्हणजे लँडलाइनचा नंबर तर पोर्टच होत नाही, तो सोडला की गेला. तो नंबर सगळ्या नात्यागोत्यात दिलेला. म्हातारीच्या नंबरवर पाय देऊन आमच्या दोघांचे मोबाइल धरून ठेवलेत, हा सरळ सरळ गळा धरण्याचा धंदा आहे.

परवा नवीन बिल आलं. त्यात लँडलाइनचं भाडं पूर्ण, संचाचं भाडं वेगळं, त्यावर १८ टक्के जीएसटी. बंद फोनवर जीएसटी! खाली लाल अक्षरात, मुदतीत न भरल्यास सर्व सेवा खंडित. सर्व म्हणजे मोबाइलसुद्धा. बायकोचा मोबाइल तिच्या शाळेच्या ग्रुपला जोडलेला, माझा बँकेला. त्यांना ठाऊक आहे कुठं दुखतं ते.

मी काल अपील टाकलंय. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपिलाची सोय ठेवावी लागते, ग्राहकाकडून त्याचा पैसा घेता येत नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. हे गॅलरीत कोणी सांगत नाही, भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही. सोबत डॉकेट नंबर, तक्रार सोडवल्याचा तो खोटा मेसेज आणि त्याच वेळी काढलेला सेटच्या स्क्रीनचा फोटो जोडलाय. मोबाइलचे पैसे भरायला मी तयार आहे, आजच्या आज. बंद लँडलाइनचा एक रुपया देणार नाही. बिल फोडून द्या, दोन कागद करा. तुमची डिपार्टमेंटं दोन आहेत असं तुम्हीच सांगितलंत.