शूक्रूत कुठे खावी, कोणी खावी

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला, तेव्हापासून घरच्यांशी फोनवर बोलताना कोणी काय खावे हा विषय टळत नाही. मी राहते त्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये वाद रंगतो तो शूक्रूत, म्हणजे आंबवलेला कोबी आणि डुकराचे मांस, कुठे चांगली मिळते यावर.

माझे मत असे की पारख मांसावरून नव्हे, कोबीवरून करावी. बारीक चिरून मिठात काही आठवडे मुरवलेला कोबी रिझलिंग वाइन, ज्युनिपरची फळे आणि हंसाची किंवा डुकराची चरबी घालून मंद आचेवर शिजतो. त्याचा तंतू सुटा राहिला पाहिजे, दाताखाली किंचित लागला पाहिजे आणि आंबटपणा धुऊन गेलेला नसावा. क्नाक नावाचे सॉसेज तर उकळायचेच नसते, नुसते गरम करायचे असते. चावताना साल टचकन तुटली की स्वयंपाकघर जागे आहे असे समजावे. कॅथेड्रलला चिकटून असलेल्या अनेक उपाहारगृहांत मांसाचा ढीग मोठा आणि कोबी मऊ गाळ, म्हणून पाहुण्यांना मी जुन्या विनश्टुबमध्ये, म्हणजे लाकडी भिंतींच्या छोट्या खानावळीत, नेते. १८७३ पासून चालू असलेले शे इव्हॉन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. घरी करायची असेल तर खाटकाकडून कच्ची शूक्रूत, म्हणजे नुसता आंबवलेला कोबी, आणावी. कोबीसाठी क्राउटरगेर्सहाइम हे जवळचे गाव ओळखले जाते, आणि २०१८ पासून 'आल्सासची (म्हणजे स्ट्रासबर्गच्या प्रदेशाची) शूक्रूत' या नावाला युरोपीय भौगोलिक संरक्षणही आहे.

इथे सारे आलबेल आहे असे मात्र मी घरी सांगत नाही. पॅरिसमध्ये अतिउजव्या गटांनी बेघरांना मुद्दाम डुकराच्या मांसाचे सूप वाटले, जेणेकरून मुसलमान आणि ज्यू दूर राहावेत. त्यावरील पोलिसांची बंदी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये कायम ठेवली. शाळेच्या जेवणात डुकराच्या मांसाला पर्याय द्यावा की नाही, यावरही इथे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे ताटातले काढून घेतात, इथे काही जण मुद्दाम ताटात वाढतात, आणि दोन्हीकडे हेतू शेजाऱ्याला त्याची जागा दाखवण्याचा असतो. मुंबईत मांसाहारी म्हणून घर नाकारले गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच कॅथेड्रलसमोरच्या मेझों कामरझेलमध्ये तीन प्रकारच्या माशांची शूक्रूत मिळते, याचे मला मोल वाटते. परंपरेचे अभिमानी नाक मुरडतात खरे, पण कोबी तोच आहे आणि तो तिथे नीट शिजवलेला असतो. डुकराचे मांस न खाणाऱ्या मैत्रिणीला घेऊन मी तिथेच जाते. ती मासे मागवते, मी क्नाक खाण्यासाठी दुसऱ्या दिवशी विनश्टुब गाठते.